जाळरेषेवरचा जानकीराम

अकरा दिवस झाले, जानकीराम राव चूक माझ्या पदरात घाला म्हणून लोकांच्या दारोदार हिंडतोय, आणि घालायला कुणी तयार नाही. हसू नका. जगात लोक चूक लपवायला काय काय करतात, आणि हा गृहस्थ चौपन्नाव्या वर्षी चूक हातात घेऊन उभा आहे. कंत्राटदार म्हणतो, अण्णा, घरी जा. ठाण्यातला माणूस म्हणतो, घरी जा. देवळातले भटजीसुद्धा प्रसाद हातावर ठेवून म्हणाले, निवांत घरी जा.

चूक काय, तर अंजलै नावाच्या एका बाईचा उजवा डोळा गेला. जानकीरामच्या यंत्रानं गेला. कंत्राटदारानं वर पाठवलेल्या कागदात मात्र लिहिलंय की बाई चुकीच्या बाजूला उभी होती. साफ खोटं. ती जिथं उभं राहायला हवं तिथंच उभी होती. तेवढं एक वाक्य कुणीतरी खरं लिहावं, एवढाच या माणसाचा हट्ट. डोळा परत येत नाही हे त्याला कळतं, तो काही खुळा नाही. पण डोळाही गेला आणि वर दोषही तिच्याच माथी, हे त्याला सोसेना.

आता हा जानकीराम कोण ते सांगतो. कुंभकोणमला पोट्रामरै तळ्यामागच्या गल्लीत राहतो. तंजावरच्या दरबाराबरोबर जी मराठी माणसं खाली उतरली आणि परत जायचं राहूनच गेलं, त्यातलं हे घराणं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. आतली मराठीही अशी की पुण्याचा कुणी ऐकेल तर म्हणेल, ही मंडळी बखरीतून उठून आली की काय. भाऊ चेन्नईत ऑडिटर, बहीण वकील, चुलतभाऊ बंगळुरूला कॉम्प्युटरमध्ये. आणि हा ट्रॅक्टरवर. लग्नाकार्यात ओळख करून देताना भाऊ घसा खाकरून म्हणतो, "हा यंत्रांच्या क्षेत्रात आहे." जानकीराम लगेच म्हणणार, "जंगलात पाचोळा उडवतो मी." भावाचं तोंड तेव्हा बघावं.

पण खरंच, तेच त्याचं काम. कोळ्ळिडम् नदी ओलांडून उत्तरेला गेलं की भातशेती मागे पडते आणि लाल मुरमाची जमीन सुरू होते. निलगिरी, काजू, मधूनमधून काटेरी रान. उन्हाळ्यात तिथं वणवा पेटायला एक बिडी पुरते. म्हणून जंगलात वीस-वीस फुटांचे मोकळे पट्टे राखतात. जाळरेषा म्हणतात त्यांना. आग पट्ट्यापाशी आली की पुढं खायला काही नसतं, तिथंच मरते. आता पट्टा मोकळा राहील तर ना! निलगिरीचं झाड म्हणजे पानं टाकण्याचं व्यसन लागल्यासारखं. आज साफ करावं, पंधरा दिवसांत पुन्हा घोट्याएवढा थर. पूर्वी आसपासच्या गावांतल्या बायका खराटे घेऊन हे पट्टे झाडायच्या. सहा वर्षांपूर्वी साईराम नावाच्या कंत्राटदारानं ट्रॅक्टरच्या पाठीवर बसवायचा ब्लोअर आणला, आणि वीस बायकांचं आठवड्याचं काम एका सकाळीत व्हायला लागलं. बायकांचे खराटे घरी गेले. बायका मात्र येत राहिल्या. यंत्रानं कडेला लोटलेला पाचोळा आणि काटक्या गोळा करून न्यायच्या, चुलीला, वीटभट्टीला. त्यांना तेवढी मुभा होती.

हा ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनावर फिरणारा भला जड लोखंडी पंखा, आणि त्याला पत्र्याचं तोंड. चालकानं बसल्या जागी एक दांडी ओढली की तोंड डावीकडे नाहीतर उजवीकडे वळतं. वारा असा सुटतो की पानं तर पानं, सुपारीएवढी खडी उडून झाडाच्या सालीत रुतून बसते. जानकीरामनं एकदा अशी रुतलेली खडी पकडीनं उपसून काढली, घरी नेली आणि बायकोला दाखवली. ती म्हणाली, "दाखवाया काय आणलां? फेका तें." त्यानं फेकली नाही. नवीन माणूस कामावर आला की आधी ती खडी त्याच्या तळहातावर ठेवायची, मग बाकीचं बोलणं.

कारण माणूस शिस्तीचा. शिस्तीचा म्हणजे लोकांना वैताग यावा इतका. सकाळी यंत्र सुरू करण्याआधी अर्धा तास हा रेडिएटरच्या जाळीतली आणि सायलेन्सरवरची सुकी पानं बोटांनी वेचत बसणार. गरम सायलेन्सरवर चार पानं राहिली तर आग अडवायच्या पट्ट्यावर आग लावणारे आपणच, असं त्याचं म्हणणं, आणि चूक कुठं आहे त्यात? शिट्टीवाला मणी, म्हणजे यंत्राच्या पुढं चालून रस्ता मोकळा आहे की नाही बघणारा माणूस, गळ्यात पंचा टाकून आला की पंचा जप्त. फिरत्या दांड्यात, म्हणजे शाफ्टमध्ये, टोक अडकलं तर मान शिल्लक राहत नाही म्हणून. डोळ्यांना गॉगल, कानांवर टोपणं. वारा पाठीशी घालून पाचोळा उडवायचा. बायकांनी तोंडाच्या उलट्या बाजूला, साठ पावलं लांब थांबायचं, पदर नाकावर घेऊन. आणि सगळ्यात मोठा नियम, जो त्यानं तमिळमध्ये लाल अक्षरांत रंगवून चाकाच्या पत्र्यावर लावला होता: पंखा फिरत असताना तोंड वळवायचं नाही.

का नाही, तेही तो कुणालाही पकडून सांगायचा. इंजिनाची जोडणी काढली तरी पंखा थांबत नाही बाबांनो. जड आहे तो. दीड मिनिट आपल्याच गतीनं फिरतो आणि वारा ओततच राहतो. तेव्हा तोंड वळवायचं असेल तर जोडणी काढा, दीड मिनिट गप्प बसा, मणीला दोन्ही बाजू बघू द्या, मग वळवा. पंखा थांबेस्तोवर चालकानं खाली उतरायचं नाही, दुसऱ्या कुणी जवळ यायचं नाही. सहा वर्षांत कुणाला ओरखडा उठला नव्हता. साईराम त्याच्या पाठीमागं म्हणायचा, अण्णा यंत्र चालवत नाहीत, सोवळ्यात ठेवतात.

तर तो गुरुवार. सकाळचे नऊ-साडेनऊ. वारा डावीकडून होता, म्हणून ब्लोअरचं तोंड उजवीकडे आणि बायका डावीकडे, मागं. सात-आठजणी होत्या. सगळं जिथल्या तिथं. साईरामचे दोन फोन येऊन गेले होते. दुपारी वरचे साहेब बघायला येणार, तोवर वाटेतल्या चिंचेच्या झाडापुढचा सगळा पट्टा व्हायला हवा. आणि जानकीराम मागंच पडला होता, कारण रानात देव फार. वाटेत अय्यनारचं ठाणं, मातीच्या घोड्यांसकट. पुढं सात कन्यांचे सात दगड. देवाच्या अंगावर धुरळा उडवायचा नाही हा त्याचा स्वतःचा नियम, पाटीवर न लिहिलेला. प्रत्येक देवापाशी जोडणी काढायची, दीड मिनिट थांबायचं, तोंड दुसरीकडे वळवायचं, बायकांना हलवायचं, हात जोडायचे, पुढं जायचं, पुन्हा थांबायचं आणि सगळं परत जागच्या जागी आणायचं. त्या सकाळी दोन देव झाले होते.

चिंचेच्या झाडापाशी पट्टा जरासा वळतो. वळला आणि समोर उजव्या हाताला, दहा-बारा फुटांवर, तिसरा. गुडघ्याएवढा दगड, हळद फासलेली, वर कुंकू, पिवळ्या फडक्याची पट्टी गुंडाळलेली, पायाशी दोन जास्वंदी. या रेषेवरून तो पंधरा दिवसांपूर्वीच गेला होता. तेव्हा दगड दिसल्याचं आठवत नव्हतं. पण या भागात देव असे रात्रीतून उभे राहतात, त्यात नवल नाही. थांबायला हवं होतं. जोडणी काढून बसायला हवं होतं दीड मिनिट. धुरळा मात्र आता पोचणारच होता, दोन क्षणांचं अंतर, आणि मनानं ठरवायच्या आत हातानं दांडी ओढली.

एवढंच. तोंड उजवीकडून डावीकडे गेलं. फार तर दोन सेकंद. मग मणी पुढून धावत आला, दोन्ही हात डोक्यावर.

जानकीरामनं जोडणी काढली, इंजिन बंद केलं. आणि पंखा फिरत राहिला. काय करणार? डावीकडे लाल धुरळ्याची भिंत उभी राहिलेली, तिच्यात कोण कुठं पळालंय दिसेना. तोंड पुन्हा वळवावं तर उजवीकडे कुणी गेलं असेल तर? उतरून धावावं तर आपणच त्या वाऱ्यात. तो बसून राहिला. ब्रेकवर पाय, हात दांडीवर, आणि त्या पत्र्याच्या तोंडातून वारा बायकांच्याच दिशेला ओतला जात होता, आणि तो थांबवणं पृथ्वीवर कुणाच्या हातात नव्हतं. धुरळ्याआडून बायकांचा आरडाओरडा. कानांवरची टोपणं काढल्यावर तो जास्तच ऐकू आला. त्यानं सेकंद मोजले. नव्वद. पंखा पूर्ण थांबल्यावर मगच उतरला. पुढं सगळ्यात जास्त त्याला हेच खात राहिलं. नियम मोडायला त्याला अर्धा क्षण लागला होता, आणि मोडून झाल्यावर दीड मिनिट त्यानं नियम पाळला.

अंजलै खाली बसली होती. ओरडत नव्हती. उजव्या डोळ्यावर दोन्ही तळहात दाबून धरलेले, बोटांतून रक्त. पस्तिशीची असेल, उंच, कामाला चपळ. इतर बायका तिच्याभोवती गोळा होऊन नुसत्या रडत होत्या. जानकीराम जवळ गेला तेव्हा ती म्हणाली, "अय्या, कांजीत माती गेली का?" धक्क्यात माणूस काहीही बोलतो. मणीनं रस्त्यावरची मिनी व्हॅन अडवली, आणि तिला घेऊन ते कुंभकोणमला निघाले. कोळ्ळिडम्च्या पुलावर गाड्यांची रांग लागलेली. जानकीराम खाली उतरून पुढच्या गाड्यांना हात जोडत धावला. लोकांनी वाट दिली, नाही दिली असं नाही. डॉक्टरांनीही करायचं ते सगळं केलं, तीन तास आत होते. बाहेर येऊन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळा जागेवर ठेवलाय, पण नजर नाही. म्हणजे कधीच नाही का, असं यानं दोनदा विचारलं. दोनदा त्यांनी तेच उत्तर दिलं.

आणि मग सुरू झाली ही अकरा दिवसांची वणवण.

पहिला साईराम. चांगला माणूस आहे तो, उगाच वाईट कशाला म्हणा. इस्पितळात सगळं त्यानंच बघितलं. पण जानकीराम म्हणाला, "तोंड मी वळवलं, पंखा फिरत असताना. देवाचा दगड दिसला म्हणून. ती बरोबर बाजूला होती, तसं लिहा," तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला.

"अण्णा, कागद गेला वर. बाई ओलांडून आली, झालं. आता तुम्ही असं म्हणालात की चौकशी लागणार. साहेब लोक चिंचेपाशी जाऊन फूटपट्टी लावणार. कोण कुठं, दगड कुठं, दगड तिथं कुणी बसवला, परवानगी होती का. आणि बायकांना जंगलात येऊच का देता, हा प्रश्न पहिला. पाचोळा बंद होईल त्यांचा. चालेल?"

"पण ते खोटं आहे, साईराम."

"खोटं आहे. मग? खरं लिहून डोळा येणार आहे?"

 जानकीराम मणीकडे गेला. मणी म्हणाला, मला धुरळ्यात काही दिसलं नाही. मग जरा वेळानं म्हणाला, दिसलं होतं, पण माझी शिट्टी वेळेवर वाजली नाही असं निघालं तर? दोन मुली आहेत मला. जानकीराम ठाण्यात गेला. तिथल्या माणसानं खुर्ची दिली, चहा मागवला, दगडाची सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, तक्रार कुणाची? बाईची नाही, नवऱ्याची नाही, तुम्हीच तुमच्याविरुद्ध द्यायला आलाय? जानकीराम हो म्हणाला. त्या माणसानं त्याला फाटकापर्यंत पोचवलं आणि सांगितलं की काही दिवस उन्हात फिरू नका. तिरुनागेश्वरम्च्या देवळात गेला, तिथले ओळखीचे भटजी म्हणाले, अहो, तुम्ही देवाच्या अंगावर धूळ पडू दिली नाहीत, पुण्यच केलंत, बाकी ज्याचं त्याचं प्रारब्ध. यावर मात्र जानकीराम भडकला. देवळात, मोठ्यानं. म्हणाला, असलं पुण्य घाला चुलीत! चार यात्रेकरू वळून बघायला लागले, तशी त्याची त्यालाच लाज वाटली.

घरी मात्र वेगळी तऱ्हा. त्याची बायको सुब्बलक्ष्मी शाळेत गणित शिकवते, तीस वर्षं झाली. तिच्यापाशी गुळमुळीत काही चालत नाही. अकराव्या दिवशी सकाळी हा पुढ्यातल्या आंबट भाजीत नुसतीच बोटं फिरवत बसलेला बघून ती समोर येऊन बसली.

"तुमचं चुकलं," ती म्हणाली. "अस्कं, सगळं तुमचंच चुकलं. त्या बाईचं कांहीं नाहीं, मणीचं नाहीं, देवाचं नाहीं."

खरं सांगतो, जानकीरामला रडूच आलं. अकरा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी सरळ म्हणालं होतं. तो म्हणाला, "तेंच तर सांगत हिंडतों मी. कोणी ऐकत नाहीं."

"कोणाला सांगितलां? कंत्राटदाराला, ठाण्यांत, भटजीला. अहो, जिचा डोळा गेला तिला सांगितलां कां?"

जानकीरामनं ताट सरकवलं. इस्पितळात तो चार वेळा गेला होता. फळं नेली होती, औषधं आणली होती, पट्टी बदलताना दाराबाहेर उभा राहिला होता. सांगितलं नव्हतं. सगळ्या गावाला सांगितलं आणि तिलाच नाही. तसाच उठला, हात धुतले आणि बस धरली.

अंजलैचं घर गावाच्या टोकाला, पुढं ताडपत्रीची सावली. ती घरी येऊन तीन दिवस झाले होते. उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती, मान तिरपी करून, डाव्या डोळ्यानं. सूप मांडीवर एका बाजूला सरकवून घेतलेलं. नवरा सेतू बाजेवर होता. वीटभट्टीवर जातो तो, मनाचा वाईट नाही, पण तोंड फटकळ. जानकीरामला बघून उठला, बाज झटकली, बसा अय्या म्हणाला, आणि लगेच सुरू.

"किती वेळा सांगितलं होतं हिला, पुढं पुढं करू नको. बाकीच्या सातजणी होत्या की तिथं, त्यांना काही झालं? हिलाच चुकीच्या बाजूला जायचं होतं. कागदावर लिहून आलंय. गावात सगळे विचारतात मला, काय रे, तुझ्या बायकोला डावं-उजवं कळत नाही का? काय सांगू?"

अंजलै खाली मान घालून तांदूळ निवडत होती. अकरा दिवस हे ऐकत असणार.  जानकीराम उभाच राहिला. म्हणाला, "सेतू, मी तेच सांगायला आलोय. त्या दिवशी ही—"

"अय्यांना सोडा आण आधी," अंजलै म्हणाली. "उन्हातून आलेत. गुलाबाचा पन्नीर सोडा आण, गार. कोपऱ्यावर नको, तिथला गार नसतो. स्टँडजवळून आण."

सेतू चपला घालून गेला. त्याची पावलं वाजायची थांबेपर्यंत ती बोलली नाही. मग सूप खाली ठेवलं.

"अय्या, तुम्ही काय सांगणार आहात?"

"खरं ते. तू बरोबर जागी होतीस. तोंड मी वळवलं, नियम मोडून. तिथं देव होता, त्याच्यावर धुरळा जाऊ नये म्हणून."

"तो देव नाही," अंजलै म्हणाली.

त्याला समजलं नाही.

"दगड आहे तो. नुसता. मीच हळद लावली, त्या सकाळी, तुम्ही यायच्या आधी. त्याच्यामागं आमच्या कांजीच्या लोट्या ठेवलेल्या असतात. आता त्या भागात चिंचेची तेवढीच सावली. तुमचं यंत्र गेलं की दर वेळी कांजीत माती. गाळून प्यायचो, दाताखाली कचकच. मणीला सांगितलं होतं, तो हसला. तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही वर बसलेले, कानांवर ती टोपणं. पण देवावर तुम्ही धुरळा उडवत नाही हे आम्ही सहा वर्षं बघतोय. म्हटलं, आपणही एक देव करू. कुणाला सांगितलं नाही मी. बायका घाबरल्या असत्या."

जानकीराम बाजेवर बसला. त्याच्या त्या सगळ्या नियमांत शाफ्ट होता, सायलेन्सर होता, वारा होता, पदर होता. बायकांची कांजी कुठं ठेवलेली असते, हे सहा वर्षांत त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

"बाकीच्या पदर तोंडावर घेऊन पाठ करून उभ्या होत्या," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलेलं तसं. मीच पदर काढून बघत होते. तुम्ही वळवताय की नाही ते."

 जानकीराम म्हणाला, "तरीही चूक माझीच आहे, अंजलै. मी थांबायला हवं होतं."

"असेल तुमची. पण तुम्ही ते बोलू नका. तुम्ही देव म्हणालात की हे लोक नारळ घेऊन तिथं जातील. पिवळं फडकं माझ्या पोंगलच्या साडीचं आहे, सेतूनं आणलेली. तो एका नजरेत ओळखेल. मग काय म्हणतील मला? खोटा देव केला, म्हणून देवानं डोळा नेला म्हणतील. पोरीचं लग्न व्हायचंय माझ्या. चुकीच्या बाजूला उभी होती, हे बरं आहे. चुकीच्या बाजूला कुणीही उभं राहतं."

"मग हात सुटला म्हणतो माझा. दगडाचं नावच घेत नाही."

हे तो बोलला खरा, आणि बोलता बोलताच त्याला कळलं. साईरामला दगड माहीत होता. मणीला माहीत होता. ठाण्यातल्या माणसाला, भटजींना, अकरा दिवस ज्याला त्याला धरून त्यानं दगडाचीच गोष्ट सांगितली होती. आता त्यानं चूक आपली म्हणून हट्ट धरला, चौकशी लागली, की सगळी वाट चिंचेपाशीच जाणार. साहेब फूटपट्टी लावणार, दगड कुणी बसवला विचारणार. खरं बोलायच्या सोसापायी सुटायच्या सगळ्या वाटा त्यानं स्वतःच बुजवून ठेवल्या होत्या. तो अंजलैकडे बघत राहिला. तिनं पुन्हा सूप मांडीवर घेतलं होतं.

"फडकं तरी काढून आणतो मी तिथलं," तो म्हणाला.

"आणा. आणि हळद धुऊन टाका. मला अजून तिथवर चालवत नाही, खाली-वर कळत नाही पायांना."

बाहेर सेतूच्या चपला वाजल्या. तो आत आला, दोन बाटल्या हातात, घामानं डबडबलेला. एक बाटली जानकीरामपुढं धरली.

"घ्या अय्या, अगदी गार आहे. हां, तुम्ही मघाशी काय सांगत होतात? त्या दिवशी ही काय?"

अंजलै तांदळातून बोट फिरवायची थांबली. जानकीरामनं बाटली हातात घेतली. तोंडाला लावली नाही.

"हेच," तो म्हणाला, "की त्या दिवशी ही चुकीच्या बाजूला उभी होती."

"बघ! मी काय म्हणत होतो?" सेतू बायकोकडे वळून म्हणाला. "आता खुद्द अय्याच सांगतायत."

"हो," अंजलै म्हणाली. "माझंच चुकलं."